टेबलावरची पोपटी

पोपटी ही टेबल-खुर्चीवर बसून, मांडीवर कागदी रुमाल पसरून खायची गोष्ट नाही, हे साठीला टेकलेल्या माणसाला कोणी सांगावं लागू नये. मला ते चांगलं ठाऊक होतं. तरीही गेल्या थंडीत मी आक्काला घेऊन काशीदच्या रस्त्यावरच्या त्या बार्बेक्यूवाल्याकडे गेलो. पुढे जे झालं त्याचा सगळा दोष माझा, असं बायकोचं म्हणणं आहे. तिचं बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि माझ्या डोक्याला तो एक वेगळाच ताप आहे.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन डोंबिवलीला गेली, नवरा लवकर गेला, आणि मग तिने जेवणाचे डबे करून मुलाला वाढवलं. मुलगा कमावता झाला तरी डबे सुटले नाहीत. तिच्या हाताला चव होतीच, पण त्याहून तिची जीभ तयार होती. रश्शाचा एक थेंब तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि काय कमी, काय जास्त ते सांगून टाकायची. गावच्या घरी तर लहानपणापासून मीठ तिनेच बघायचं असं ठरूनच गेलं होतं. आई चुलीपाशी बसून हाक मारायची, "चाखून बघ गं." ही खेळ सोडून यायची, चाखायची, "अजून चिमूटभर" म्हणायची आणि परत पळायची. आई मुकाट्याने चिमूटभर घालायची.

दोन वर्षांपूर्वी तिला गळ्याचा आजार झाला. किरणांचे शेक घ्यावे लागले. आजार बरा झाला, डॉक्टर खूश, मुलगा खूश, आम्ही सगळ्यांनी देवाला हात जोडले. पण आक्काच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. "भात खाल्ला काय नि कापूस खाल्ला काय, सारखंच," ती फोनवर म्हणायची. चव हळूहळू येईल, असं डॉक्टर सांगत होते. त्यांनी आणखीही एक सांगून ठेवलं होतं. काही जणांची चव परत येते ती उलटसुलट होऊन येते, एका पदार्थाला भलत्याच पदार्थाची चव लागते, आणि मग ते तसंच राहू शकतं. आक्काने बाकीचं सगळं विसरून नेमकं एवढंच लक्षात ठेवलं.

डबे हाताखालच्या बाईने चालू ठेवले होते. आक्का शेजारी स्टुलावर बसून अंदाजाने सांगायची. एकदा आमटीत दोघींनीही मीठ टाकलं आणि डबे तसेच गेले. संध्याकाळी डब्यांतली आमटी जशीच्या तशी परत आली. कोणी तक्रारही केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. मग तिचा मला फोन आला. "बाबू, मी पोपटी खायला येते. तिच्यासारखा वास नि चव कशालाच न्हाय. ती लागली तर देव पावला. न्हाय लागली, न्हायतर भलतंच काय लागलं, तर डबे बंद. उगाच लोकांच्या पोटाशी खेळ नको."

"ये," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता पोपटी म्हणजे काय ते सांगतो, कारण घाटावरच्या पाहुण्यांना दरवेळी वाटतं की मी पोपटाबद्दल बोलतोय. भात कापून झालं की आमच्याकडे शेतात वाल लावतात. थंडीत त्याला शेंगा धरतात. बांधावर भांबुर्डा नावाचं रानटी झुडूप माजलेलं असतं, त्याच्या पाल्याला उग्र वास असतो. मातीच्या मडक्यात तळाला हा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, हिरव्या वाटणातली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा. मडकं शेतातच उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं आपल्याच वाफेवर शिजतं आणि त्या पाल्याचा वास आत मुरतो. मडकं उघडलं की तो वास शेजारच्या शेतापर्यंत जातो. मग मातीतच बसायचं, हात भाजत शेंगा सोलायच्या, आणि तोंड काळं करून घरी यायचं.

एवढं साधं आहे. पण गेल्या थंडीत नेमका अवकाळी पाऊस झाला आणि वालाचा सगळा फुलोरा झडला. आमचं शेत चुलतभाऊ कसतो. त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "औंदा शेंग न्हाय, नुस्ता वेल हाय." चार गावं फिरलो, सगळीकडे तीच रड. आम्ही आता तालुक्याच्या गावी फ्लॅटमध्ये राहतो. खाली पार्किंगमध्ये काडी ओढली तरी सोसायटीचे सेक्रेटरी धावत येतात. माझी चिडचिड वाढत चालली होती आणि आक्का तर लाँचने यायची तारीख ठरवून बसली होती.

तेवढ्यात तो फलक दिसला. काशीदच्या रस्त्यावर, हा एवढा मोठा. "अस्सल गावरान पोपटी बार्बेक्यू, फॅमिली रूम उपलब्ध." खाली मडक्याचं चित्र, त्यातून ज्वाळा निघतायत. मी तिथल्या तिथे गाडी थांबवून टेबल सांगून आलो आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितलं.

"तालुक्यात शेंग न्हाय म्हणता, मग त्याने कुठून आणल्या?" तिने विचारलं.

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे," मी म्हणालो.

आक्का रेवसच्या धक्क्याला लाँचमधून उतरली ती अर्धी झालेली. हातात पाण्याची बाटली, कारण शेक घेतल्यापासून तोंड सारखं कोरडं पडतं. दोन शब्द बोलायची आणि एक घोट घ्यायची. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला तर काल झोपच न्हाय लागली. परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय." आणि हसली. निघण्यापूर्वी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं होतं, "आज तुमचा स्वभाव घरी ठेवून यायचं. काहीही झालं तरी नावं ठेवायची नाहीत. वन्सं एवढ्या आशेने येतायत, त्यांच्यासमोर एक वाकडा शब्द नको." मी कबूल केलं होतं. शब्दाला जागायची बुद्धी मला नेमकी त्याच दिवशी व्हायची होती.

ते हॉटेल म्हणजे प्लॅस्टिकच्या झावळ्यांची खोपटी. शेजारी जितीजागती नारळाची वाडी उभी आणि याने झावळ्या विकत आणलेल्या, त्याही प्लॅस्टिकच्या! फोटो काढायला एक झोपाळा. रंग दिलेले टायर. कुठलंसं दणदणाटी गाणं. प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी मडकं होतं खरं, पण त्यावर चित्रं काढून आत बॅटरीचा दिवा लावलेला. आम्ही बसलो तसा वेटर आला आणि म्हणाला, "सर, मेनू स्कॅन करा." मी म्हटलं, बाबा रे, पोपटी सांगून ठेवलीय. तर म्हणे, "पोपटी मेन कोर्समध्ये येणार सर, आधी लाइव्ह ग्रिल लागणार."

लाइव्ह ग्रिल म्हणजे टेबलाच्या भोकात ठेवलेला कोळशांचा डबा. कोळसे पेटत नव्हते. वेटरने पुठ्ठ्याने वारा घातला, फुंकलं, आणि शेवटी आत जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. हो, बायका न्हाल्यावर वापरतात तेच. ते निखाऱ्यावर धरल्यावर राख उडाली आणि थेट आक्काच्या तोंडावर गेली. तिला ठसका लागला. ठसका कसला, जीव कासावीस झाला तिचा. बायको पाठ चोळत होती, मी पाण्याची बाटली उघडत होतो, आणि वेटर विचारत होता, "सर, अननस लावू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. "लाव," मी म्हणालो.

अननस आला. गार. मग सळईला टोचलेले पनीरचे तुकडे आले, बाहेरून काळे आणि आतून फ्रीजमधून आत्ताच काढल्यासारखे. आक्काने कशालाच हात लावला नाही. ती पोपटीची वाट बघत होती. तोंडात दुसरी चव नको, म्हणून सकाळपासून चहाही घेतला नव्हता तिने.

आणि ती आली. मडक्यातून नाही, तर चरचरणाऱ्या तापल्या लोखंडी थाळीवर, वरून कोथिंबीर भुरभुरलेली. मी नीट बघितलं. शेंगा मटाराच्या होत्या! बाजारातल्या गुबगुबीत, हिरव्यागार मटाराच्या. वाल कुठून आणला, हा बायकोचा प्रश्न माझ्या डोक्यात घणासारखा वाजला. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी एक तुकडा तोंडात टाकला. चिकनला तपकिरी, चिकट, साखरेच्या पाकासारखं काहीतरी फासलेलं होतं. ओव्याचा पत्ता नाही. मीठ नावापुरतं. भांबुर्ड्याचा वास येतोय का म्हणून हुंगलं, तर मघाच्या राखेने माझं नाक आधीच चोंदलेलं. असा बेचव, गुळमट प्रकार मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि माझ्या बहिणीने याच्यासाठी समुद्र ओलांडला होता.

समोर आक्का सावकाश चावत होती. डोळे खाली. एक घास, पाण्याचा घोट, परत एक घास. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कशी झालीय रं?"

मी बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनी दटावलं.

"मस्त," मी म्हणालो. "एकदम मस्त झालीय."

"छान आहे हो वन्सं," बायको म्हणाली. "अगदी शेतातल्यासारखी."

आक्काने मान हलवली. शेंग ताटात ठेवली. बोटं कागदी रुमालाला पुसली, मग तोच रुमाल डोळ्यांना लावला. मला वाटलं, धूर गेला असेल.

"मला पोपटीचं कायच लागत न्हाय," ती म्हणाली. "न्हाय लागलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण मला हे गोड लागतंय. कोंबडी गोड! आणि सारखा कोबी लागतोय, शिळ्या उकडलेल्या कोबीसारखं. तुम्हाला दोघांना पोपटी लागतेय आणि मला कोबी लागतोय. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. उलटीच झाली माझी जीभ." तिने बाटलीचं झाकण लावलं. "झालं. डबे बंद. पोराला सांगते, गिऱ्हाईकांना कळव."

मी उभाच राहिलो.

"अगं आक्का, हे गोडच आहे! याने साखर घातलीय. आणि या वालाच्या शेंगा नाहीत, मटाराच्या आहेत, बघ तरी. हे भिकार आहे! इतकं भिकार जेवण मी आयुष्यात जेवलो नाही!"

"बस खाली," ती म्हणाली. "आत्ता मस्त म्हणालास."

"खोटं बोललो."

"खोटं आत्ता बोलतोयस. मला बरं वाटावं म्हणून."

"नाही गं बाई!"

"आणि कोबी?" तिने विचारलं. "कोबी दाखव मला यात कुठं हाय ते."

कोबी ताटात कुठेच नव्हता. मी थाळी उलटीपालटी केली, शेंगा बाजूला सारल्या, बटाटे फोडून बघितले. बायकोही शोधत होती. "वन्सं, मी पण खोटं बोलले," ती म्हणाली, तिचा आवाज रडवेला झाला होता, "मला पण गोडच लागलं." पण आक्का आमच्यावर विश्वास ठेवायच्या पलीकडे गेली होती. ती आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हीच आजारी आहोत आणि ती आमची समजूत काढतेय. आयुष्यभर मी भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांशी तोंड सोडून बोललो, आणि एकदाच शहाण्यासारखा गप्प बसलो तर ही गत. माझा जीव असा काही चडफडला की मी खुर्ची ढकलून सरळ मुदपाकखान्यात घुसलो.

आत मालक होता, शेजारच्याच गावचा, चाळिशीचा माणूस. "काका, आत यायचं न्हाय," तो म्हणाला.

"पोपटी कशात केलीस? मडकं कुठंय?"

ओट्याखाली मडकं होतं. खरं मडकं. मी ते उचललं, तसा तो माझ्यामागे धावत आला, "काका, गरम हाय, काका!" गरम होतंच. हात पोळत होते, पण मी ते आमच्या टेबलापर्यंत आणलं आणि पनीरच्या ताटावर उपडं केलं.

आतून पानांचा लगदा पडला. पिवळट, चिकट, जाड शिरांची पानं, कडेला करपलेली. भांबुर्डा नव्हता. कोबी होता.

शेजारच्या टेबलावरचे पर्यटक मोबाइल खाली ठेवून बघत होते. आक्काने एक पान उचललं, निरखलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. मग तिने मालकाकडे तोंड वळवलं.

"पाला न्हाय घातलास?"

"मावशी, पर्यटकांना भांबुर्ड्याचा वास सोसत न्हाय," तो कसनुसा होऊन म्हणाला. "कडू वास येतो म्हणतात, रिव्ह्यू खराब देतात. म्हणून कोबी लावतो."

"कोंबडीला साखर लावलीस?"

"व्हय. सॉस हाय तो गोड."

"ओवा न्हाय घातलास."

"न्हाय, मावशी."

"मीठ नंतर वरून भुरभुरलंस. आत उतरलंच न्हाय. आणि बटाटे आधी उकडून घेतलेस, कुकरात."

"व्हय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला, ही बाई कोण आहे असं. त्याला वाटत होतं आता बोंबाबोंब होणार. तो एकेक गुन्हा कबूल करत होता आणि आक्काचा चेहरा उजळत चालला होता. बटाट्याच्या कबुलीला तर तिने टेबलावर थाप मारली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती कोण जाणे. मला त्या माणसाला इतकं काही सुनवायचं होतं, प्लॅस्टिकच्या झावळ्यांपासून सुरुवात करून, पण मी आक्काची बाटली उघडून तिच्यापुढे ठेवली.

"चूक झाली मावशी," मालक म्हणाला. "हे मी काढून घेतो. दुसरं काय आवडेल ते सांगा, लगेच करून देतो." आणि त्याने थाळी उचलायला हात पुढे केला.

आक्काने त्याचा हात बाजूला सारला आणि थाळी आपल्यापुढे ओढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," ती कोंबडीचा तुकडा तोडत म्हणाली. "लय वाईट झालंय. मला खाऊ दे."